विश्वासाचे सामाईक खाते

जर्मनीतील विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली होती. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला या वाटेचे आकर्षण का वाटते, हे समजण्यासारखे आहे. अभियांत्रिकीचे उत्तम शिक्षण, अमेरिका-इंग्लंडच्या मानाने अल्प खर्च, आणि पुण्यासारख्या शहरात जर्मन भाषा शिकण्याची जुनी सोय, अशी कारणे त्यामागे आहेत. मुलाला प्रवेश कोठे मिळाला, व्हिसा किती दिवसांत आला, नोकरीची शक्यता कितपत, याची चर्चा घरोघर होते. पण तो मुलगा ज्या देशात चालला आहे त्या देशाचे, आणि त्याच्या मागून जाणाऱ्या मुलांचे, तो काय देणे लागतो, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः जर्मनीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सत्राला १,५०० युरो शुल्क बसवले, आणि २०२४ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही शुल्काचा मार्ग धरला. असे काही अपवाद सोडले, तर तेथील सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणी शुल्क घेत नाहीत. आपल्याकडील जाहिराती याला 'मोफत शिक्षण' म्हणतात. परंतु मोफत असे काही नसते. प्रयोगशाळेतील यंत्रे, प्राध्यापकांचे वेतन आणि ग्रंथालयातील पुस्तके यांचा खर्च लाइपझिगचा ट्रामचालक आणि हाम्बुर्गच्या गोदीतील कामगार आपल्या करांतून भरत असतो. सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला त्याने पाहिलेले नाही. तरीही त्या मुलाच्या शिक्षणाचा वाटा तो उचलतो, कारण आलेला विद्यार्थी प्रामाणिकपणे शिकेल, असा त्याच्या समाजाने विश्वास धरलेला आहे. परदेशी शिक्षणाचे खरे भांडवल हा विश्वास आहे.

हे भांडवल कोणा एकाच्या नावावर नसते. ते सामाईक खाते आहे. आधीच्या पिढ्यांनी त्यात जमा केलेले असते, आजचा विद्यार्थी त्यातून काढतो आणि उद्याच्या विद्यार्थ्याला त्यातच काय ते शिल्लक मिळते. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला नवी दिल्लीतील जर्मन दूतावासाच्या शैक्षणिक मूल्यमापन केंद्राकडून आपली कागदपत्रे तपासून घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते असल्याशिवाय सर्वसाधारणपणे व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. विद्यार्थ्याने सादर केलेली गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे की नाही, हे पाहणे एवढेच या केंद्राचे काम. ज्या मुलाने अंगमेहनतीने गुण मिळवले, त्यालाही या रांगेत उभे राहावे लागते, त्याचे पैसे भरावे लागतात आणि वाट पाहत बसावे लागते. खोट्या कागदाचा दंड खऱ्या कागदवाल्याने भरायचा, असा हा व्यवहार आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. एकाच्या वर्तनावरून सगळ्यांची पारख करणे अन्याय्य नव्हे काय? अन्याय्य आहेच. २०१५ च्या मार्च महिन्यात लाइपझिग विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने एका भारतीय विद्यार्थ्याला आपल्या प्रयोगशाळेत प्रवेश नाकारताना भारतातील बलात्काराच्या घटनांचे कारण दिले. त्या तरुणाचा त्या घटनांशी काडीइतका संबंध नव्हता. तेव्हा भारतातील जर्मन राजदूत मिखाएल श्टायनर यांनी त्या प्राध्यापिकेला जाहीर पत्र लिहून खडसावले, आणि तिला दिलगिरी व्यक्त करावी लागली. सन्मानाने वागण्याचे बंधन यजमानावरही असते, हे त्या पत्राने जर्मनीच्याच वतीने सांगितले. तथापि प्रत्येक अन्यायाच्या वेळी राजदूत पत्र लिहीत नाही. घर भाड्याने देण्यास कोणी नकार देतो, कोणी अर्ज न वाचताच बाजूला ठेवतो, आणि त्याचे कारण कधीच कळत नाही. माणसे अनोळखी माणसाला आधीच्या अनुभवावरून जोखतात. ही रीत चुकीची म्हणून तिचा निषेध करावा. पण ती अस्तित्वात आहे, हे जाणून वागण्यातच शहाणपण आहे.

उतरवलेली जर्नल

परदेशातील विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य अभ्यास हे आहे, असे म्हटले तर कोणी हसेल. परंतु अभ्यास म्हणजे काय, याविषयीची आपली आणि तेथील कल्पना एक नाही. आपल्याकडील कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'सबमिशन'च्या आदल्या रात्री एकाची जर्नल दहा जण उतरवून काढतात. ज्याची जर्नल उतरवली तो त्यात मैत्री पाहतो, आणि सही करणारे प्राध्यापक कानाडोळा करतात. शिफारसपत्राची कथाही अशीच आहे. त्याचा मसुदा विद्यार्थ्याने स्वतःच लिहून न्यायचा आणि सरांनी खाली सही करायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटतही नाही. या वातावरणात वाढलेला मुलगा जेव्हा जर्मन विद्यापीठात प्रबंधासोबत 'हे काम माझे स्वतःचे आहे' अशा प्रतिज्ञापत्रावर सही करतो, तेव्हा त्या सहीचे वजन त्याला उमगलेले असतेच असे नाही.

जर्मन समाजाला ते वजन ठाऊक आहे. २०११ मध्ये संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात दुसऱ्यांचे लेखन श्रेय न देता घेतल्याचे उघड झाले. बायरॉइट विद्यापीठाने त्यांची पदवी काढून घेतली आणि मंत्रिपदही गेले. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, खुद्द शिक्षणमंत्री आनेट शावान यांची तीन दशकांपूर्वीची पदवी ड्यूसलडॉर्फ विद्यापीठाने रद्द केली, आणि त्यांनाही पायउतार व्हावे लागले. ज्या देशात मंत्र्यांची गय झाली नाही, तेथे परदेशी विद्यार्थ्याची होईल, अशी अपेक्षा कशाच्या बळावर धरायची? आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यामुळे दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपवणे अधिकच सोपे झाले आहे. मोह जितका सोपा, तितका संयम अधिक लागतो. शिवाय तेथे एकाच विषयाच्या परीक्षेला बसण्याच्या संधी मोजक्या असतात. त्या संपल्या की तो अभ्यासक्रम त्या विद्यार्थ्याला बहुधा देशातील अन्य विद्यापीठांतही बंद होतो. 'एटीकेटी'च्या आधाराने पुढे सरकण्याची सवय झालेल्याने हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

शेजाऱ्याची झोप

विद्यार्थ्याची परीक्षा वर्गाबाहेरही होते. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत नोंदणी करावी लागते. रात्री दहानंतर आणि रविवारी सबंध दिवस शांतता पाळायची असते. कागद, काच आणि ओला कचरा निरनिराळ्या पेट्यांत टाकायचा असतो. श्टुटगार्टच्या परिसरात तर इमारतीचा जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे येते, आणि ती चुकवणाऱ्याला शेजारी लवकर विसरत नाहीत. या नियमांसाठी दारात पोलीस उभा नसतो. प्रत्येक जण पाळतो, म्हणून ते चालतात. ज्या खोलीत दोघांनी राहायचे तेथे सहा जणांनी राहणे, मध्यरात्रीपर्यंत मोठ्याने गाणी लावणे, 'येथे कोण बघतो आहे' असे म्हणत विनातिकीट प्रवास करणे, या गोष्टी बेकायदा असोत वा नसोत, त्या सामाईक खात्यातून काढलेल्या रकमा आहेत.

यात मराठी मुलाला फारसे परके वाटू नये. जर्मन भाषेत परक्या व्यक्तीला आदरार्थी संबोधण्याची रीत आहे, आणि समोरच्याने मोकळीक दिल्यावाचून एकेरीवर येणे असभ्य मानतात. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर लहानपणापासून जाणणाऱ्याला ही मर्यादा वेगळी शिकवावी लागत नाही. वाड्यातील सामाईक नळावर पाळी पाळणाऱ्या आणि चाळीत शेजाऱ्याच्या आजारपणात रेडिओचा आवाज कमी करणाऱ्या समाजाची ही मुले आहेत. तेव्हा प्रश्न संस्कार नसण्याचा नाही. घरी पाळलेली मर्यादा विमानतळावर सोडून जायची नाही, एवढाच तो आहे.

आदर आणि ताठ कणा

मात्र आदराने वागणे म्हणजे मान तुकवून वागणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्या विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध शोधण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. गुरूला कोणते उत्तर हवे आहे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु त्यांनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि असा काही संबंध दिसत नाही, हे जे आढळले तेच लिहिले. परदेशातून आलेली, गुरूच्या मर्जीवर जिची पदवी अवलंबून, अशी ही विद्यार्थिनी होती. तरीही तिने संस्थेची शिस्त मोडली नाही आणि शास्त्राशी प्रतारणाही केली नाही. विद्यार्थ्याच्या वर्तनाचा याहून चांगला आदर्श महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागणार नाही. अपमान झाला, भेदभाव झाला, तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार करणे, आपले हक्क जाणून घेणे, हाही जबाबदार वर्तनाचाच भाग होय. जो स्वतः नियमाने वागतो, त्याच्या तक्रारीला धार असते.

जबाबदारीचा सारा भार वीस-बावीस वर्षांच्या मुलावर टाकून मोकळे होणे मात्र बरोबर ठरणार नाही. जर्मन सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, बंद खात्यात दाखवण्याची अट ठेवली. ही रक्कम उभी करण्यासाठी कोणी शेत गहाण टाकतो, कोणी भविष्यनिर्वाह निधीला हात घालतो. काही सल्लागार ही रक्कम तात्पुरती 'दाखवून' देण्याची वाट सुचवतात. त्या वाटेने गेलेला मुलगा पहिल्याच महिन्यात रिकाम्या हाताने उभा राहतो. कायद्याने त्याला वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि तेवढ्यात भागत नाही म्हणून तो नोंद नसलेल्या कामाकडे वळतो. तेथे मजुरी कमी मिळते आणि दाद मागता येत नाही. पुढे अभ्यास मागे पडतो, परीक्षेची संधी हुकते, आणि घरी फोनवर 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगितले जाते. या साखळीतील पहिली खोटी कडी बहुधा मुलाने घातलेली नसते. ती त्याच्या साक्षीने वडीलधाऱ्यांनी घातलेली असते. म्हणून पालकांनी आपली ऐपत मुलाला मोकळेपणाने सांगावी, नापास झाल्याची बातमी कळवण्याचे धैर्य त्याला राहील असे घर ठेवावे, आणि प्राध्यापकांनी न वाचलेल्या शिफारसपत्रावर सही करू नये. सरकारनेही सल्लागारांच्या या धंद्यावर नीट नजर ठेवावी.

घेतलेल्या विद्येची परतफेड कशी करावी, याचेही एक उदाहरण पुण्यात आहे. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संहिताचिकित्सेची शिस्त आत्मसात केली. १९२५ मध्ये त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे हाती घेतली आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सोडली नाहीत. पाठांतर जुळवताना आवडीचा श्लोक ठेवावा आणि नावडता गाळावा, ही मुभा त्यांनी स्वतःला दिली नाही. जे हस्तलिखितांत सापडले तेच प्रमाण मानले. १९६६ मध्ये ती आवृत्ती पूर्ण झाली आणि जगभरच्या अभ्यासकांनी ती विश्वासाने वापरली. बर्लिनमध्ये शिकलेला प्रामाणिकपणा पुण्यात कामी आला आणि तेथून तो पुन्हा जगाला मिळाला.

प्रत्येक विद्यार्थी सुखटणकर होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. प्रत्येकाने मायदेशी परतलेच पाहिजे, असाही आग्रह धरण्याचे कारण नाही. त्याने एवढे करावे की आपली खोली सोडताना ती पुढच्या भारतीय मुलाला देण्यास घरमालक आनंदाने तयार व्हावा, आणि आपल्या प्राध्यापकाने पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आलेला दुसरा अर्ज उघडताना मनात शंका बाळगू नये. त्या दुसऱ्या अर्जावरचे नाव त्याला कधी कळणारही नाही. पण लाइपझिगच्या त्या ट्रामचालकालाही याचे नाव ठाऊक नव्हते.