परसांतील बाग व आपले गुडघे

मृगाचा पहिला पाऊस पडून माती मऊ झाली कीं, ज्यांना बागेची हौस आहे अशी मंडळी गुडघ्याला बाशिंग बांधूनच परसांत उतरतात. कोणी अळूचे कंद लावतो, कोणी मोगऱ्याचीं आळीं खणतो, कोणी कुंड्यांतील माती बदलतो. चार दिवसांनीं ह्याच मंडळींपैकीं ज्यांनीं पन्नाशी ओलांडली आहे ते भिंतीचा आधार घेत जिना चढूं लागतात, आणि घरांत एकच निकाल ऐकूं येतो : "आतां पुरे झाली ती बाग !" हा निकाल बहुधा प्रेमापोटींच दिलेला असतो. परंतु तो योग्य असतो काय, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आमचें मत असें कीं, दोष बागेचा नसतो, वयाचाहि सर्वस्वीं नसतो. तो पुष्कळ अंशीं काम करण्याच्या रीतीचा असतो, आणि रीत बदलतां येते.

प्रथम गुडघा म्हणजे काय तें पाहूं. संस्कृतांत त्यास 'जानु' म्हणतात; इंग्रजी भाषेंतील 'नी' हा शब्द ह्या जानूचाच दूरचा भाऊबंद होय. सुश्रुतसंहितेंत जानूची गणना मर्मांमध्यें केली असून तेथें इजा झाल्यास माणूस लंगडा होतो असें सांगितलें आहे. मांडीचें हाड, नडगीचें हाड आणि पुढची वाटी अशीं तीन हाडें ह्या सांध्यांत एकत्र येतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें, आणि मांडी व नडगी यांच्या मध्यें अर्धचंद्राकृति अशा दोन गाद्या असतात. प्रौढ माणसाच्या ह्या अस्तरांत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यांत वंगणासारखा जो द्रव असतो तोच त्याचें पोषण करतो, आणि तो द्रव खेळता राहतो तो हालचालीमुळें. म्हणून गुडघा अजिबात न हलविणें ही त्याची विश्रांति नव्हे, उपासमार होय.

मग बागकामानें तो दुखतो कां ? सपाट जमिनीवर चालतांनाहि प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार पडतो. पूर्ण उकिडवें बसून उठतांना वाटीच्या मागें पडणारा दाब त्याहून पुष्कळ अधिक असतो. चीनमध्यें बीजिंग शहरांतील वृद्धांची पाहणी करून २००४ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत तरुणपणीं रोज दीर्घकाळ उकिडवें बसण्याची सवय असलेल्यांमध्यें गुडघ्याचा संधिवात अधिक आढळला. ह्यावरून उकिडवें बसणेंच वर्ज्य आहे असें कोणी समजूं नये. ज्यांचे गुडघे निकोप आहेत त्यांनीं ती सवय अवश्य राखावी. परंतु दुखऱ्या गुडघ्यानें तासभर एकाच बैठकींत खुरपणी करणें ही गोष्ट निराळी.

उकिडवें बसणें टाळून जमिनीवर गुडघे टेकावे, तर तेथें दुसरें संकट उभें राहतें. वाटी आणि कातडी यांच्या मध्यें द्रवाची एक चपटी पिशवी असते. कठीण जमिनीवर वारंवार गुडघे टेकल्यास ती सुजते. विलायतेंत गुडघ्यांवर बसून फरशा घांसणाऱ्या मोलकरणींना हा विकार होत असे, म्हणून तेथें त्याचें नांवच 'मोलकरणीचा गुडघा' असें पडलें.

आतां घरांतील मंडळींनीं दिलेल्या निकालाकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत आजींचे गुडघे दुखूं लागले, म्हणून मुलांनीं त्यांना फुलझाडांकडे जाण्याची बंदी केली आणि माळी ठेवला. सुना कर्तबगार, नातवंडें प्रेमळ. आजींना खुर्चीवरून उठण्याचें कारणच उरलें नाहीं. वर्षभरांत मांड्या रोडावल्या. पूर्वीं ज्या पायऱ्या त्या कण्हत कां होईना पण स्वतः चढत, त्या चढण्यास दोन माणसांचा हात लागूं लागला. पूजेचीं फुलें माळी परडींत आणून ठेवी. परंतु आपण लावलेल्या झाडाला कळी केव्हां धरली हें दुसऱ्यास विचारावें लागतें, ह्याचें दुःख त्यांना गुडघेदुखीपेक्षां अधिक होतें.

असें होण्याचें कारण सरळ आहे. गुडघ्याचा खरा सांभाळ करणारा मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायु होय. तो बळकट असेल तर पावलाचा धक्का झेलतो. तो बसून बसून क्षीण झाला कीं सगळा धक्का थेट सांध्यास बसतो. मग गुडघा अधिक दुखतो, म्हणून माणूस अधिक बसतो, आणि हें चक्र असेंच फिरत राहतें.

त्या घरीं उपाय सुचला तो थोरल्या सूनबाईंना. त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या काळीं चूल जमिनीवर होती, ती ओट्यावर आली, विळीवर बसून भाजी चिरीत होतों, ती आतां उभ्यानें चिरतों. मग बागच तेवढी जमिनीवर कां ?" आमच्या मतें ह्या एका प्रश्नांत सगळें सार आलें आहे. गुडघे जमिनीकडे न्यावयाचे नाहींत. बाग हाताकडे आणावयाची. त्यांनीं पडवीच्या कडेनें विटांचा दोन फूट उंचीचा वाफा बांधून घेतला आणि शेजारीं एक स्टूल ठेवलें. आजींचे गुडघे कांहीं नवे झाले नाहींत. परंतु सहा महिन्यांत त्या सकाळचीं फुलें स्वतः वेंचूं लागल्या.

असा वाफा बांधणें कठीण नाहीं. स्टुलावर बसून काम करावयाचें असल्यास दोन फूट, उभ्यानें करावयाचें असल्यास अडीच ते तीन फूट उंची पुरते. भिंतीलगतचा वाफा दोन फुटांहून रुंद करूं नये, कारण पलीकडे हात पोंचविण्यासाठीं वांकावें लागतें. दोन्ही बाजूंनीं फिरतां येत असेल तर चार फूट रुंदी चालेल. तळाशीं पाण्याला वाट ठेवावी. मेथी, कोथिंबीर, पालक यांना नऊ-दहा इंच माती पुष्कळ झाली. गच्चीवर असा वाफा करण्यापूर्वीं मात्र छताला ओल्या मातीचा भार पेलेल कीं नाहीं हें जाणकारास विचारावें. हें सर्व न साधल्यास कुंड्या जुन्या बाकावर मांडाव्या, आणि दुधी, कारलीं, घोसाळीं यांचे वेल मांडवावर चढवावे. म्हणजे फळ उभ्यानें तोडतां येतें.

जें काम जमिनीवरच करणें भाग आहे त्याचेहि कांहीं नियम आहेत. गुडघ्याखालीं गोणपाटाची जाड घडी किंवा जुन्या गादीचा तुकडा घ्यावा. दोन्ही गुडघे एकदम न टेकतां एक टेकावा व दुसरें पाऊल पुढें रोवून ठेवावें; थोड्या वेळानें पाय बदलावा. उठतांना हात पुढच्या मांडीवर किंवा शेजारच्या स्टुलावर रेटून उठावें. वीस मिनिटें झालीं कीं काम अर्धें असलें तरी उठून बागेंत एक फेरी मारावी. तण उपटावयाचें असल्यास आदल्या संध्याकाळीं पाणी द्यावें; ओल्या मातींतून मूळ सहज सुटतें. झाडांच्या बुडाशीं पालापाचोळ्याचें चार बोटें जाड आच्छादन घातलें तर तण मुळांतच कमी उगवतें. मात्र तें खोडाला भिडूं देऊं नये. मोठ्या जागेंत लांब दांड्याचें खुरपें किंवा शेतकरी वापरतात तें सायकल कोळपें उभ्यानें चालवितां येतें. भरलेली एक झारी एका हातीं नेण्यापेक्षां अर्ध्या भरलेल्या दोन झाऱ्या दोन्ही हातीं न्याव्या. जड कुंडी उचलून, पाय रोवून, कमरेतून वळूं नये. ती पोत्यावर ठेवून ओढावी, अगर घरांतील तरुणांस हांक मारावी. पावसाळ्यांत शेवाळलेल्या फरशीवर अनवाणी जाऊं नये. गुडघा मुरगळण्यास एक घसरणें पुरें होतें.

ह्याच्या जोडीला थोडा व्यायाम हवा. खुर्चीवर ताठ बसावें, एक पाय समोर सरळ करून मांडी घट्ट आंवळावी, पांच अंक मोजावे आणि पाय सावकाश खालीं आणावा. असें प्रत्येक पायानें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ करावें. ज्यांचें वजन अधिक आहे त्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, एक किलो वजन उतरलें तर चालतांना दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो.

परंतु प्रत्येक गुडघेदुखी घरीं बरी करण्याजोगी नसते. गुडघा लाल व ऊन होऊन सुजला आणि ताप आला, पाय टेकवेनासा झाला, सांधा मध्येंच अडकूं लागला किंवा चालतां चालतां दगा देऊं लागला, तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांकडे जावें. वेदनाशामक गोळ्या आपल्याच मनानें महिनोन् महिने घेत राहूं नये. त्या जठराला व मूत्रपिंडांना अपाय करतात.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील कर्त्या मंडळींस आमची विनंति आहे. वृद्धांना विश्रांति द्यावी ही तुमची इच्छा स्तुत्यच आहे. परंतु ज्या हातांनीं जन्मभर झाडें वाढविलीं ते हात मांडीवर ठेवून दिवस काढणें हें सुख नव्हे. मराठींत गुडघे टेकणें म्हणजे हार मानणें. तसे ते टेकावयास लावूं नका. घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातचें खुरपें काढून घेण्यापूर्वीं त्यांना एक स्टूल आणून द्या, चार विटा रचून वाफा वर उचला, आणि सुट्टीच्या दिवशीं त्यांच्या शेजारीं घटकाभर बसून काम करा. झाडांची नांवें, त्यांच्या संवयी आणि कोणत्या नक्षत्रावर काय लावावें ही विद्या बहुतेक घरांत अशाच घटकाभराच्या सहवासांत पुढच्या पिढीकडे जात असते.