रुमालातली घराणी

महाराष्ट्रात घराण्याचा, वाड्याचा किंवा गावाचा इतिहास शोधायचा तर आधी मूळ गावाचे नाव पक्के करावे लागते. आडनावाचा उपयोग बराच पुढे. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. असते ते ‘बिन’ने जोडलेले बापाचे नाव, हुद्दा किंवा वतन, आणि मौजा. दफ्तरे लागली ती महसुलासाठी, म्हणून त्यांचा क्रमही परगणा, तरफ, मौजा असाच आहे. गाव माहीत नसलेल्याला या दफ्तरांत वाट सापडत नाही.

शोध आजपासून मागे न्यावा, हे अनुभवी संशोधकांचे सांगणे योग्य आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ यांचा एकत्र उतारा. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे दिसतात. ते फेरफारांचे क्रमांक. त्यांवरून नमुना ६ची नोंदवही काढली की कोण केव्हा वारले, वारस कोण लागले, बहिणींनी हक्क केव्हा सोडला, सावकाराकडे जमीन कशी गेली हे ओळीने कळते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या दोन खुणांतूनच लहानपणी पोरका झालेला पणजोबा किंवा घर चालवणारा थोरला काका समोर येतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदींचा कायदा १९०३चा, त्यामुळे ही साखळी विसाव्या शतकाच्या आरंभापाशी संपते. त्यामागे भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीची टिपणे आणि आकारफोडपत्रके लागतात. जन्ममृत्यूसाठी जुना गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे.

घराची वाट वेगळी आहे. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि तिच्यामागची चौकशी नोंदवही, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८. खरी मौज खरेदीखतात असते. त्यातल्या चतुःसीमेत पूर्वेला कोणाचे घर, दक्षिणेला कोणाचा वाडा हे लिहिलेले असते, आणि शेजारपाजारच्या पाचदहा खतांवरून अख्खी आळी कागदावर उभी करता येते.

१८१८च्या मागे जायचे तर पुण्याला कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात जावे लागते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ताब्यात घेतलेले दफ्तर इथे आहे. ते जपले गेले त्याला कारण इतिहासप्रेम नव्हे, पैसा. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवण्यासाठी इनाम कमिशन नेमले गेले, १८५२ साली त्याला कायद्याचे बळ मिळाले, आणि पुराव्यासाठी कागद गोळा करून लावले गेले. हजारो इनामदारांची झोप उडवणाऱ्या या खात्याचे आज वंशावळ शोधणाऱ्याने आभार मानावेत, असा हा प्रकार. कागद कापडी बस्त्यात बांधलेले असतात. त्याला रुमाल म्हणतात, आणि असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०पासून निघाले. पण त्यांची नजर राजकारणावर होती. पाटील-कुलकर्ण्यांची भांडणे मोठ्या प्रमाणात रुमालांतच राहिली.

घराण्याच्या दृष्टीने ही भांडणेच सोने. वतनाचा तंटा लागला की प्रत्येक पक्ष आपला ‘करीना’ लिहून देई: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोणाचा वंश खुंटला, दुष्काळात कोण परागंदा झाला, कोण परत आला, वडीलपण कोणाकडे. पुढे गोतसभेपुढे निवाडा होई आणि महजर लिहिला जाई. त्याखाली हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. एका चांगल्या महजरात अख्खा गाव पंगतीला बसल्यासारखा भेटतो. अर्थात करीना हे वादीचे म्हणणे असते. त्यातला मूळ पुरुष जितका जुना तितका दावा बळकट, हे विसरू नये.

या कागदांतले सर्वांत हट्टी कोडे म्हणजे तारीख. वर्ष सुहूर सनाचे, तेही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत, एककापासून वर चढत जाणारे. ‘समान सितैन मया व अलफ’ म्हणजे आठ, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६८. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जून ते डिसेंबरच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६८ हे साल १७६७-६८. दिवस मात्र हिजरी महिन्याचा, ‘छ १२ रजब’ अशा थाटाचा, आणि तो चांद्र महिना शेतकऱ्याच्या सौर वर्षातून दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकत असतो. फसली आणि शक यांचे फरक वेगळेच. सुदैवाने जंत्र्या छापलेल्या आहेत. पण ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. घाईत लिहिलेल्या मोडी लिपीत ‘सितैन’ आणि ‘सबैन’ यांत गफलत झाली की दहा वर्षांचा फरक पडतो आणि बापाचे कृत्य मुलाच्या नावावर जाते.

सरकारी दफ्तराबाहेरही साधने आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गावागावांच्या यात्रेकरूंची नावे, सोबत आलेल्या आप्तांसह, पिढ्यान् पिढ्या उतरलेली असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतो. कोकणस्थ घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. गोव्याची गोष्ट वेगळी: पणजीचे पुराभिलेखागार १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याच्याकडे सोपवलेल्या दफ्तरापर्यंत मागे जाते, आणि तिथे पोर्तुगीज येत नसेल तर मोडी येऊनही भागत नाही.

अडचणी याहून मोठ्या आहेत. कागद मालमत्तेचा माग ठेवतो, माणसाचा नव्हे. ज्यांच्याकडे वतन नव्हते, जमीन नव्हती, ते दफ्तरात येतात ते वेठ किंवा गुन्हा यांच्या निमित्ताने. बाई येते ती ‘कोम’ लावून, नवऱ्याच्या नावामागे. तिचे माहेर क्वचितच कळते. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाकडे, म्हणून तिथले कागद उर्दू-फार्सीत. पूर्व विदर्भात मध्य प्रांताची पद्धत आणि मिसल बंदोबस्त, म्हणजे जमाबंदीचे कागद. एकाच आडनावाचे तीन भाऊ तीन भागांत गेले असतील तर तीन तऱ्हांचे कागद वाचायला शिकायची वेळ येते.

मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेल्या शतकाच्या मध्याला गेली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची सवय नाही, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या वर्गांतून वाचक तयार होतात, पण अक्षर ओळखणे आणि दफ्तरी कागद वाचणे यांत काही वर्षांचे अंतर असते. २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची टंचाई उघड झाली. त्या शोधातून जुनी पाने स्कॅन झाली हा लाभच. पण एका शब्दासाठी पान वाचणे आणि पान समजून वाचणे या दोन गोष्टी आहेत. दाखल्यापुरते वाचलेल्या पानावरचे बाकीचे सारे न वाचताच राहते. रुमालांची नावनिहाय सूची नाही, ती लवकर होईल असे चिन्हही नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार वह्यांची पाने हाताळून मोडतात. काहींना वाळवी आधीच पोचलेली असते.

म्हणून ज्यांच्या घरी पेटीत मोडीतला एखादा कागद असेल त्यांनी तो लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढावा, मागे कागद कोणत्या गावचा आणि कोणाच्या घरातून आला ते पेन्सिलीने लिहावे, आणि वाचणारा माणूस अजून भेटतो आहे तोवर वाचून घ्यावा.