जमेपेक्षा खर्च जास्त

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात हबर्ड ब्रुक नावाचं जंगल आहे. मेपल, बीच, बर्च यांची दाटी, आणि खाली असा सलग खडक की पाणी खोल झिरपून निसटणं जवळजवळ अशक्यच. झाडांनी आणि उन्हानं जे उडवलं नाही, ते ओढ्यानंच बाहेर पडणार. ओढ्याच्या तोंडाशी व्ही आकाराच्या खाचेचा बांध घाला, वर पर्जन्यमापक मांडा, की कुठल्याही मूलद्रव्याचा जमाखर्च लिहिता येतो. जीन लायकन्स, हर्बर्ट बोर्मन आणि सहकाऱ्यांनी तो १९६३ साली लिहायला घेतला.

सुरुवातीच्या नमुन्यांनीच दणका दिला. पावसाचा सामू (pH) ४च्या आसपास, म्हणजे पाऊस चांगलाच आम्ल! पश्चिमेकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कोळशाचं गंधक वाऱ्यावर इथवर येऊन बरसत होतं.

पुढे हवा स्वच्छ ठेवण्यासाठी १९७० आणि १९९०चे कायदे आले, धुराडी आवरली, पाऊस निवळला. ओढाही निवळला, पण रेंगाळत. वर्षानुवर्षं पावसातून येणाऱ्यापेक्षा जास्त गंधक बाहेर जात राहिलं. हे जास्तीचं येतं कुठून?

थोडं खडक झिजून, पण मोठा साठा मातीत. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना सल्फेट चिकटतं. गंमत अशी, की मातीतलं पाणी आम्ल असेल तोवर ते घट्ट बसतं. आम्लता उतरली की सुटू लागतं. म्हणजे स्वच्छ पाऊसच जुनी घाण मोकळी करतो. बाकीचं गंधक झाडांनी शोषलेलं, पाल्यातून जमिनीत परतलेलं, जिवाणूंनी पचवलेलं. त्याचा पुरावा तर थक्क करणारा आहे. सल्फेटमध्ये गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. ओढ्यातल्या सल्फेटच्या ऑक्सिजनमधलं समस्थानिकांचं, म्हणजे जड आणि हलक्या अणूंचं, प्रमाण पावसातल्या सल्फेटशी जुळत नाही. गंधक आभाळातलं, पण ऑक्सिजन बराचसा मातीतल्या पाण्यातला! मधल्या काळात त्या गंधकानं कुठल्याशा पानात किंवा बुरशीत मुक्काम केला, जुना ऑक्सिजन टाकला आणि बाहेर पडताना नवा घेतला.

म्हणून आज एवढं आलं, आज एवढं जाईल, असलं सरळ गणित इथं कामाचं नाही. पीनेट-बीजीसीसारखं संगणकी मॉडेल झाडांची वाढ, पाल्याचं कुजणं आणि मातीचं रसायन महिन्या-महिन्यानं एकत्र चालवतं. आणि पुढच्या पन्नास वर्षांचा ओढा सांगायचा, तर ते सुरू करावं लागतं १८५०च्याही आधीपासून, जेव्हा ही धुराडी नव्हतीच.