भूशास्त्राची पदवी आणि आपल्या विहिरीचें पाणी

बारावी उतरलेल्या मुलानें 'मला भूशास्त्र शिकावयाचें आहे' असें म्हटलें, कीं बागाईतदार बापाच्या कपाळास आठ्या पडतात. दगडधोंडे शिकून हा काय मिळविणार, ही त्याची शंका. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोरड्या विंधनविहिरींपायीं जो कर्जांत उतरला, त्यानेंच या विद्येस हसावें याचें आम्हांस नवल वाटतें.

मनुष्य व त्याच्या पायांखालची भूमि यांचा संबंध, म्हणजे पाणी, माती, दरडी, भूकंप, खाणी, हा पर्यावरण-भूशास्त्राचा विषय होय. आपल्याकडे तो बहुधा स्वतंत्र पदवी म्हणून नव्हे, तर भूशास्त्राच्या बी. एस्सी.चा भाग म्हणून शिकवितात. पुण्याचें फर्ग्युसन व मुंबईचें सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकण्याची सोय आहे.

आतां आपल्या शिवाराकडे वळूं. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं तप्त रसाचे थर एकावर एक पसरून तो झाला. घट्ट पाषाणाच्या अंगांत पाणी मावत नाहीं. तें राहतें मुरमांत, कुजलेल्या खडकांत, भेगांत व सच्छिद्र थरांत. गंगेच्या गाळाच्या प्रदेशाचा न्याय येथें लागत नाहीं. दोनशें फुटांवर जें नाहीं, तें आठशें फुटांवर असेलच असें नाहीं. एकाच बांधाच्या दोन अंगांस एक विहीर भरलेली व दुसरी कोरडी, यांत दैवाचा भाग थोडा, भेगांचा अधिक. विद्यार्थी पावसाच्या आधीं व नंतर विहिरींची पातळी मोजतो, उपसा करून पाणी किती वेळांत पूर्ववत् चढतें तें घड्याळ लावून पाहतो, आणि थरांचा नकाशा काढतो. पाझर तलाव कोठें पाझरेल व कोठें नुसता उन्हांत आटेल, हें त्यावरून बरेंचसें कळतें. तळहातावरच्या नारळास हें विचारून पाहावें!

पाण्याचा गुणहि खडकावर अवलंबून असतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड अधिक आढळतें. लिटरमागें दीड मिलिग्रॅमपलीकडे तें दीर्घकाळ पोटांत गेल्यास दांत डागाळतात, पुढें हाडें आंखडतात. आणि पाणी तर दिसावयास निर्मळ! किल्लारीचा भूकंप (1993) व माळीणची दरड (2014) यांचा अभ्यासहि याच विद्येंत येतो.

नोकरीविषयीं स्पष्ट सांगावें तें बरें. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारख्या ठिकाणीं या विद्येचें काम आहे. तथापि नुसत्या बी. एस्सी.वर वाट अरुंद आहे. एम. एस्सी.पर्यंतचा खर्च आधींच धरावा. फी भरण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें, कीं वर्षांत किती दिवस मुलांस प्रत्यक्ष डोंगरांत व विहिरींवर नेतात? जेथें कपाटांतले दगड दाखवूनच वर्ष संपतें, तेथें मुलास धाडूं नये. आणि तो मे महिन्यांत घरीं आला, कीं त्याच्या हातीं दोरी देऊन शिवारांतल्या सर्व विहिरींची पातळी लिहून घ्यावी, दिवाळींत पुन्हा.