नळाला उतारा कशाला हवा?

कोरेगाव म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भीमेकाठचा विजयस्तंभ उभा राहतो. आम्ही बोलतो आहोत ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावबद्दल. पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या या तालुक्याच्या गावी आता नगरपंचायत आहे. म्हणजे कागदोपत्री कोरेगाव शहर झाले.

शहर झाले म्हणजे काय झाले? चौकातला हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, नेत्याच्या नावाची कमान? आम्ही शहर मोजतो ते वस्तीतल्या नळावर. त्याला कारण आहे. १९०१ साली बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे निघाले, ते याच पुणे-मिरज लोहमार्गावरच्या मसूर स्टेशनात उतरले. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतःच हाकायची! जवळ शिदोरी होती, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. रात्र उपाशी गेली.

गावगाड्याचे हे रूप भोगलेल्या बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले. आपली माणसे मुंबई-पुण्याला गेली. तिथे पाणी जात विचारणार नाही, असे वाटले होते. पाण्याने जात विचारली नाही, उतारा विचारला!

एका नगरपालिकेत आम्ही वस्तीतल्या आयाबहिणींबरोबर नळजोडणीचा अर्ज घेऊन गेलो. बाबू म्हणाला, "जागा कुणाच्या नावावर?" घरे गायरानातली, उतारा कुठून आणणार? घरपट्टी मात्र वर्षानुवर्षे त्याच घरांची वसूल होते. तेव्हा उतारा आठवत नाही.

कायदा काय सांगतो? मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट केले, की घर बेकायदा असले तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क बुडत नाही. तो कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. अधिकृत घराइतकेच पाणी मिळेल असे नाही, दरही जास्त लावता येईल, हेही न्यायालयाने म्हटले. पण नळच नाही, हे चालणार नाही. शिवाय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि झोपडपट्टी सुधारणा ही दोन्ही कामे नागरी संस्थांच्या यादीत आहेत. कोरेगावची नगरपंचायतही त्यात आली.

म्हणून कार्यकर्त्यांनी एकेका घराचा वेगळा अर्ज करावा, घरपट्टीची पावती जोडावी, पोच घ्यावी. खिडकीवरचा तोंडी नकार ऐकून परत फिरू नये. नकार लेखी मागावा, कोर्टात तोच कागद लागतो.