गोळी घेतली, पण जेवण?

गेल्या श्रावणातली संकष्टी. सासूबाईंचा कडक उपास, चंद्रोदय रात्री नऊनंतर. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर मधुमेहाच्या गोळ्या मात्र त्यांनी न चुकता घेतल्या. दुपारी चारला पाहते तर आई घामाने डबडबलेल्या, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. ग्लुकोमीटरवर साखर ५२! पटकन तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. (शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवीच टेबलावर रिकामी करायला लावली. दहा वर्षं मी त्या आणून देत होते. पण कुठली गोळी काय करते, हे कधी विचारलंच नव्हतं!

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच उपाशीपोटी साखर एकदम घसरते. मेटफॉर्मिनचा स्वभाव वेगळा. यकृत रक्तात जी साखर सोडतं, तिला ती लगाम घालते. एकटी घेतली तर सहसा साखर फार खाली नेत नाही. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, पण जेवणाबरोबर घेतली की त्रास कमी. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ मात्र कमी होऊ शकतं. आईंच्या पायांना येणाऱ्या मुंग्या आम्ही वयावर ढकलत होतो. तपासणीत बी-१२ कमीच निघालं.

तिसरी डॅपाग्लिफ्लोझिन. ही जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे बायकांना नाजूक जागी खाज, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आईंनी तो त्रास दोन महिने अंगावर काढला होता. "असलं डॉक्टरांना कसं सांगायचं गं?" सांगितल्यावर साध्या मलमाने बरं वाटलं. उपास किंवा उलट्या-जुलाब असताना ही गोळी घ्यायची का, हेही डॉक्टरांना विचारावंच लागतं.

मैत्रिणींनो, गोळ्या मनाने बंद करू नका. पण उपास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आई आता संकष्टीच्या आदल्या दिवशी स्वतःच फोन करतात. दुपारी फळं, ताक घेतात. म्हणतात, "बाप्पाला माझी साखर कळते गं, आपल्यालाच कळत नव्हती!"