कार्ल्याची श्रीएकवीरा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात आणि पिंपरी, चिंचवड, चाकण या उद्योगनगरींतील भाविकांची पावले मावळातील कार्ल्याच्या डोंगराकडे वळू लागतात. कोणी लोणावळ्याच्या लोकलने मळवलीस उतरतो, कोणी मुंबई-पुणे रस्त्याने वेहेरगावचा पायथा गाठतो. ‘एकवीरा आई माउलीचा उदो उदो’ असा गजर करीत पायऱ्या चढून गेले, की काळ्या कातळाच्या कुशीत आईचे राऊळ दृष्टीस पडते.

एकवीरा म्हणजे वीर परशुरामाची माता रेणुका, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वनवासात असलेल्या पांडवांना देवीने एका रात्रीत मंदिर उभारण्याची आज्ञा केली आणि ती पाळली जाताच, अज्ञातवासात तुम्हांस कोणी ओळखणार नाही, असा वर दिला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. गाभाऱ्यात शेंदूरचर्चित एकवीरा असून शेजारी जोगेश्वरी आहे. कोळी, आगरी आणि अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांचे हे कुलदैवत. चैत्रातील यात्रेत षष्ठीला देवघर येथील काळभैरवनाथाचे, म्हणजे आईच्या बंधूचे, दर्शन घेऊन भक्त सप्तमीला देवीच्या पालखीस येतात.

मंदिर आकाराने लहान आहे; परंतु ते ज्या स्थानी उभे आहे, त्या स्थानाचे माहात्म्य थोर आहे. राउळाला लागूनच बौद्धांचे भव्य चैत्यगृह आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. आत ३७ स्तंभ असून दोन्ही बाजूंच्या बहुतेक स्तंभांच्या शिरोभागी गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेली दांपत्ये कोरली आहेत. छताच्या कमानीतील सागवानी फासळ्या सुमारे २००० वर्षांच्या असून आजही जागच्या जागी आहेत. पायथ्याच्या वेहेरगावचे नावही ‘विहार’ या शब्दावरून पडले, असे मानतात.

हे वैभव कोणा एका राजाने उभारले नाही. येथील ब्राह्मी शिलालेख वाचले, म्हणजे दात्यांची एक रांगच समोर उभी राहते. वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने कोरविले. धेनुकाकटच्या सिंहदत्त नामक गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, द्वारासाठी दान दिले. आणि त्याच गावच्या सामी नामक सुताराने द्वाराचे काम केले. नहपान क्षत्रपाचा जावई ऋषभदत्त याने येथील भिक्षुसंघास गाव दान दिले. राजाच्या जावयाबरोबर सुताराचेही नाव पाषाणावर राहावे, ही गोष्ट लहान नव्हे. दिवसभर यंत्रापुढे उभे राहून हातांनी वस्तू घडविणाऱ्या आजच्या कारागिराला तर सामी हा आपल्याच नात्यातला वाटावा.

चैत्यगृहासमोर डाव्या हातास चार सिंहांचा उंच स्तंभ आहे. महारठी अग्निमित्रणक याचे ते दान. उजव्या हातासही असाच स्तंभ असावा आणि आज ज्या जागी आईचे राऊळ आहे, तेथेच तो असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या अंगणात एके काळी भिक्षू वावरले, त्याच अंगणात आज आईची आरती होते. पूर्वी घाटवाटांनी व्यापारी येत. आता कोकणपट्टीतील कोळी बांधव पालख्या घेऊन येतात. उपासना बदलली, पण दूरवरून यावे, नतमस्तक व्हावे आणि आपल्या कष्टाचा काही वाटा या कातळाच्या चरणी अर्पावा, ही रीत बदलली नाही.

म्हणूनच आईच्या भक्तावर दुहेरी जबाबदारी येते. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु उत्सवाच्या गर्दीत प्रत्येक कोपऱ्यावर पहारा बसविणे कोणाला शक्य आहे? स्तंभावर कोरलेले एक नाव, भिंतीवर फासलेला गुलाल, कड्याखाली भिरकावलेली पिशवी यांमुळे झालेली हानी भरून काढण्यास दुसरा सामी सुतार येणार नाही. ते सागवान आजवर टिकले, ते कितीतरी पिढ्यांनी त्याला जपले म्हणून.

यंदा ओटी भरून, नारळ अर्पण करून परतताना घटकाभर चैत्यगृहात थांबावे. मुलांना त्या लाकडी फासळ्या दाखवाव्यात, सुताराची कथा सांगावी आणि पायऱ्या उतरताना आपण आणलेला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. ज्या अंगणात आई बसली आहे, ते अंगण निर्मळ राखणे हीदेखील तिची पूजाच आहे.